जुनी नाव पारखताना

पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि म्हणून माजी मालगुजारी अथवा थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाणारे सुमारे सात हजार तलाव आहेत; पेंच नदीवरील तोतलाडोह आणि वैनगंगेवरील गोसेखुर्द यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांची त्यांत स्वातंत्र्योत्तर काळात भर पडली. खुद्द नागपुरात, धरमपेठेच्या पश्चिमेकडे, अंबाझरी आणि फुटाळा हे दोन जुने तलाव आजही शहराच्या नकाशावर ठळकपणे दिसतात. या साऱ्या पाण्यावर ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी डोंगे वल्हवले, परंतु चांगले लाकूड दुर्मीळ आणि महाग होत गेले तसतशी त्यांची जागा लोखंडी पत्र्याच्या आणि नंतर फायबरच्या नावांनी घेतली. अ‍ॅल्युमिनियमची नाव या क्रमात सर्वांत शेवटी आणि फार थोड्या संख्येने आली. त्यामुळे ती घेऊ पाहणाऱ्या गळकऱ्याला, मच्छीमार संस्थेला किंवा पूरकाळासाठी नाव बाळगावी असे वाटणाऱ्या वस्तीला बहुधा कोणाची तरी वापरलेली नावच मिळते. अशा दोन नावा समोर आल्यास त्यांतील कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याच्या उत्तरात धातुशास्त्र, जलशास्त्र आणि बाजारव्यवहार या तिन्हींचा संबंध येतो.

या बाजारात सामान्यतः दोन घडणींच्या नावा आढळतात. पहिली सुमारे १२ फूट लांबीची, सपाट तळाची आणि रिव्हेट ठोकून जोडलेली असते. रिव्हेट म्हणजे दोन पत्र्यांच्या भोकांतून ओवून दुसऱ्या टोकाला ठोकून चपटी केलेली धातूची खिळी. दुसरी सुमारे १४ फूट लांबीची असते, तिचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे निमुळता असतो आणि तिचे सांधे वेल्डिंगने वितळवून एकजीव केलेले असतात. पहिलीचे वजन साधारण ५० ते ७० किलो भरते, तर दुसरी १०० किलोच्या पुढे जाते. विक्रेता बहुतेक वेळा दुसरीच पुढे करतो, कारण ती मोठी, आधुनिक आणि भक्कम दिसते. परंतु नाव भक्कम असणे आणि ती विशिष्ट पाण्याला योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक चुकीच्या खरेदीचे मूळ हा फरक लक्षात न घेण्यात असते.

आधी धातूचा विचार करणे योग्य ठरेल. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत शोधून काढली, तोपर्यंत हा धातू मौल्यवान समजला जात असे. नावेच्या क्षेत्रात तो खऱ्या अर्थाने रुळला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जेव्हा ग्रुमन या अमेरिकी विमान कंपनीने विमानाचा पत्रा ताणून आकार देण्याचे आणि रिव्हेट ठोकण्याचे आपले कसब छोट्या नावांकडे वळवले. आजच्या रिव्हेटच्या नावेची घडण म्हणूनच पुष्कळ अंशी विमानाच्या अंगासारखी असते, म्हणजे आतून बरगड्या, बाहेरून पातळ पत्रा आणि दोहोंना धरून ठेवणाऱ्या शेकडो खिळ्या. अ‍ॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, तर पोलादाची जवळजवळ ७.८५ पट असते. मात्र अ‍ॅल्युमिनियम पोलादाइतके ताठ नसल्याने पत्रा थोडा जाड वापरावा लागतो आणि प्रत्यक्ष बचत दोनतृतीयांशांची न राहता साधारण निम्म्याच्या आसपास येते. तरीही दोन माणसांनी उचलून टेम्पोत चढवता येईल इतकी हलकी धातूची नाव अन्य कोणत्याही मार्गाने मिळत नाही. नागपूरकर खरेदीदाराच्या दृष्टीने हा गुण निर्णायक आहे, कारण त्याची नाव वर्षातील बहुतेक दिवस पाण्यावर नसून घराच्या आवारात किंवा गाडीवर असते.

या धातूचे संशोधन करणारी देशातील प्रमुख संस्था नागपुरातच आहे, ही गोष्ट शहरातील अनेकांना ठाऊक नसते. जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन, विकास व संरचना केंद्र १९८९ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाच्या अखत्यारीत स्थापन झाले आणि ते अमरावती रस्त्यावर वाडी येथे आहे. नावा बांधणे हे त्याचे काम नव्हे. परंतु बॉक्साइटपासून मिश्रधातूपर्यंतच्या ज्या विद्येचा तेथे अभ्यास होतो, तिच्यातील एक साधे सत्य नावेच्या खरेदीदारालाही उपयोगी पडते. ते असे की अ‍ॅल्युमिनियम या एकाच नावाखाली अनेक मिश्रधातू विकले जातात आणि ते सर्व पाण्यात सारखे टिकत नाहीत. नावेसाठी ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकांचे, मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू योग्य मानले जातात. याउलट खिडक्यांच्या चौकटींचे किंवा छपराचे पत्रे वापरून एखाद्या कारागिराने स्थानिक पातळीवर घडवलेली नाव स्वस्त पडत असली, तरी ती वाकवलेल्या कडांवर लवकर चिरते. पत्र्यावर मिश्रधातूचा क्रमांक छापलेला आढळल्यास ती विक्रेत्याच्या कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक मोलाची गोष्ट समजावी.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, हे विधान अर्धसत्य आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ आणि घट्ट पापुद्रा तयार होतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. परंतु हा पापुद्रा मोडणारी परिस्थिती निर्माण झाली की धातू झपाट्याने खाल्ला जातो. तांबे, पितळ किंवा साधे लोखंड अ‍ॅल्युमिनियमला चिकटून ओलाव्यात राहिले तर त्या दोन धातूंमध्ये एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजण्याची पाळी अ‍ॅल्युमिनियमवर येते. खाऱ्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहत असल्याने ही क्रिया समुद्रात वेगाने, तर तलावाच्या गोड्या पाण्यात सावकाश घडते. याचा व्यवहारातील अर्थ असा की कोकण किनाऱ्यावर वापरून नागपुरात आणलेली नाव आणि आयुष्यभर तलावातच राहिलेली नाव या एकाच वयाच्या असल्या तरी समान नव्हेत. पांढरी भुकटी, तिच्याखालचे बारीक खड्डे, पितळी बोल्टाभोवतीचा काळसर घेर, तांबेयुक्त रसायनाने मुरवलेल्या लाकडी फळीखाली खरबरीत झालेला पत्रा ही सारी त्या इतिहासाची चिन्हे होत. ओल्या सिमेंटचा क्षारही हा पापुद्रा विरघळवतो, त्यामुळे गळती थांबवण्यासाठी कोणी सिमेंटचा लेप दिलेला असेल तर त्याखालचा भाग खरवडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. नाव कशी ठेवली होती, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. पालथी घालून ठोकळ्यांवर ठेवलेली नाव दीर्घकाळ टिकते, तर उताणी राहून पावसाचे पाणी आणि कुजका पाला पोटात साठवलेली नाव आतून खाल्ली जाते.

आता जोडणीकडे वळावे. रिव्हेटची नाव म्हातारी होते ती खिळ्या ढिल्या पडून. प्रत्येक लाटेबरोबर आणि प्रत्येक खडकाच्या धक्क्याबरोबर पत्रा सूक्ष्म प्रमाणात हलत राहतो, खिळीचे भोक किंचित मोठे होते आणि तेथून पाणी झिरपू लागते. हा दोष त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे, कारण तो लवकर दिसतो, एकेका जागी मर्यादित राहतो आणि दोन माणसांनी, एकाने आतून जड लोखंड धरून व दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारून, दुरुस्तही करता येतो. जी खिळी मुळीच बसत नाही ती काढून तिच्या जागी बंद टोकाची नवी खिळी रबरी लेपासह बसवता येते. वेल्डिंगच्या नावेत असे थेंब थेंब गळणे सहसा नसते आणि ती दीर्घकाळ कोरडी राहते; मात्र ती बिघडते तेव्हा वेल्डच्या कडेने भेग जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचा पत्रा नरम झालेला असतो, आणि वारंवार वाकल्याने धातू थकतो तेव्हा पहिली चीर तेथेच उमटते. मोटरच्या कंपनाने मागच्या कोपऱ्यांत, तर टेम्पोवर चुकीच्या जागी टेकवल्याने तळाच्या मध्यभागी अशा चिरा विशेष आढळतात.

या चिरांची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या साध्या वेल्डरकडून होत नाही. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, परंतु त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळण्यास २००० अंशांहून अधिक तापमान लागते. परिणामी पापुद्रा घासून काढल्याशिवाय आणि निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली काम केल्याशिवाय आतला धातू वाहून जातो आणि वरची साल तशीच राहते. कारागिरांच्या भाषेत ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात ते याच कामासाठी असते. नागपुरात हिंगणा आणि वाडी परिसराच्या औद्योगिक वस्तीमुळे हे काम जाणणारे कारागीर मिळू शकतात, ही शहरातील खरेदीदाराची जमेची बाजू होय. मात्र नवेगाव बांधच्या किंवा पवनीच्या काठावर राहणाऱ्या मच्छीमाराला त्याच चिरेसाठी नाव गाडीत घालून शहर गाठावे लागेल. ज्या नावेचा दोष काठावर बसून दुरुस्त होतो ती गावासाठी श्रेष्ठ, हा निकष येथे निःसंशय लागू पडतो.

तळाच्या आकाराचा प्रश्न याहून सोपा आहे, कारण त्याचे उत्तर पाणीच देते. सपाट तळाची १२ फुटी नाव पाण्यावर साधारण साडेतीन चौरस मीटर क्षेत्र व्यापते, म्हणजे ती एक सेंटिमीटर अधिक बुडायला सुमारे ३५ किलो भार लागतो. दोन माणसे चढली तरी ती चारेक सेंटिमीटरच खाली जाते आणि घोटाभर पाण्यातही तरंगते. बेशरमीची झुडपे, जलपर्णी, शिंगाड्याचे वेल आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा गाळ यांनी भरलेल्या मामा तलावांत हा गुण अनमोल ठरतो. सपाट तळ सुरुवातीला स्थिरही वाटतो, त्यामुळे जाळे ओढताना किंवा उभ्याने गळ टाकताना भीती वाटत नाही. मात्र लाटा उसळू लागल्या की हाच तळ प्रत्येक लाटेवर आपटतो, वेग मरतो आणि पाणी आत येऊ लागते. गोसेखुर्दसारख्या जलाशयावर, जेथे वाऱ्याला अनेक किलोमीटरची मोकळी धाव मिळते, उन्हाळ्यातील वादळी वारे किंवा पावसाळ्याची झड अर्ध्या तासात शांत पाण्याचे रूप पालटू शकते आणि तेथे निमुळत्या तळाची, उंच काठाची नाव लाटा कापत सुखरूप परतते. पाण्याच्या पातळीपासून नावेच्या काठापर्यंतची उंची हा सुरक्षिततेचा खरा मापदंड असून सपाट तळाच्या लहान नावेत तो जात्याच कमी असतो.

या मापदंडाकडे दुर्लक्ष करण्याचे परिणाम नागपूरकरांनी जवळून पाहिले आहेत. ९ जुलै २०१७ रोजी शहराजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून अनेक तरुणांना प्राण गमवावे लागले. लहान नावेत किती माणसे बसवावीत यासाठी अमेरिकेत एक सोपे सूत्र वापरले जाते. नावेची फुटांतील लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराला १५ ने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. १२ फूट लांब व ४ फूट रुंद नावेसाठी उत्तर ३ येते, तर १४ फूट लांब व ५ फूट रुंद नावेसाठी ४. हे गणित शांत हवेसाठी आहे आणि त्यात जाळे, बॅटरी, मोटर व मासळी यांचे वजन वेगळे वजा करावे लागते, हे विसरता कामा नये. दुसऱ्या नावेची लांबी दोन फुटांनी अधिक असूनही क्षमता एकाच माणसाने वाढते, ही गोष्ट किंमत ठरवताना उपयोगी पडते.

पारख करण्याची सर्वांत खात्रीची पद्धत उलटी आहे. नाव पाण्यात टाकण्याआधी पाणी नावेत टाकावे. ती ठोकळ्यांवर सर्व बाजूंनी नीट टेकवून आत पाच सेंटिमीटर पाणी भरावे आणि तळाखाली कोठे थेंब येतात ते खडूने खुणावे. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेतीनशे किलोचा भार होत असल्याने अधिक भरण्याचा मोह टाळावा, अन्यथा परीक्षेतच तळ वाकेल. त्यानंतर आसनांखालच्या बंद खणांकडे लक्ष द्यावे. नाव पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून तेथे फोम किंवा थर्माकोल भरलेले असते. जुना फोम वर्षानुवर्षे पाणी शोषून दगडासारखा जड होतो, तर थर्माकोल सांडलेल्या पेट्रोलमध्ये चक्क विरघळून जातो. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून नाव भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घ्यावी. त्या घडणीच्या नावेचे जे वजन अपेक्षित आहे त्यापेक्षा काटा २०-३० किलोंनी पुढे गेला तर ते पाणी समजावे. याच तोलण्याचा दुसरा लाभ असा की त्या दिवसाच्या अ‍ॅल्युमिनियम भंगाराच्या भावाने वजनाला गुणले असता नावेची किमान किंमत कळते. तेवढ्याच मापाच्या नव्या फायबर नावेची किंमत ही वरची मर्यादा धरावी. विक्रेत्याची मागणी या दोन आकड्यांच्या मध्ये नेमकी कोठे बसते, हे पाहिले की घासाघीस आपोआप सुलभ होते. अ‍ॅल्युमिनियमच्या नावेचे मूल्य भंगाराच्या खाली कधीच जात नाही, आणि फायबर किंवा लाकडाच्या जुन्या नावेला हा आधार नसतो.

मागच्या आडव्या पटातील लाकूड, ज्यावर मोटर आवळली जाते, ते टोचणीने टोचून पाहावे. टोचणी सहज आत गेली तर लाकूड कुजले आहे आणि ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. मोटर नावेसोबत मिळत असेल तर तिचा भाव स्वतंत्रपणे करावा. खालच्या गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसणे म्हणजे आत पाणी शिरणे, आणि इंजिन सुरू असताना थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर न पडणे म्हणजे पंप निकामी असणे, एवढे दोन संकेत सामान्य खरेदीदाराला पुरेसे आहेत. लहान तलावासाठी मुळात वल्हेच पुरते, आणि फार तर बॅटरीवरची छोटी मोटर. इंजिनाने चालणाऱ्या नावांची नोंदणी व तपासणी यांविषयी १९१७ चा जुना कायदा रद्द करून २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला असून मोटरची नाव घेताना तिचे कागद मागणे त्यामुळे अधिकच आवश्यक झाले आहे. तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे हौशी गळकऱ्याने नाव घेण्याआधी परवानगीची चौकशी करावी हे श्रेयस्कर.

धरमपेठेच्या संदर्भात एका वेगळ्या गरजेचाही विचार करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउटसह परिसरातील सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांबरोबर लष्करालाही पाचारण करावे लागले आणि अडकलेल्या नागरिकांना नावांतून बाहेर काढावे लागले. रस्त्यावरच्या अशा पाण्यात खोली अनिश्चित असते, खाली दुभाजक, उघडी गटारे आणि बुडालेल्या गाड्या असतात. तेथे मोटरचा पंखा निरुपयोगी ठरतो आणि निमुळता तळ प्रथम अडकतो. सपाट तळाची हलकी नाव बांबूने ढकलत किंवा दोरीने ओढत नेता येते, जिन्याच्या पायरीला लावता येते आणि उथळ जागी माणसांना उचलून पुढे नेता येते. मात्र वाहत्या प्रवाहात प्रशिक्षित दलाखेरीज कोणीही तिचा उपयोग करू नये, एवढी मर्यादा पाळली तर वस्तीच्या सामायिक मालकीची अशी एखादी नाव असण्यात काही वावगे नाही.

हे सारे लक्षात घेता धरमपेठेतील किंवा पूर्व विदर्भातील बहुतेक खरेदीदारांसाठी निवड अवघड राहत नाही. ज्याला गोसेखुर्द किंवा तोतलाडोहसारख्या मोठ्या जलाशयाच्या मध्यापर्यंत जायचे आहे आणि तेथे तसा हक्क किंवा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याने १४ फुटी, निमुळत्या तळाची, वेल्डिंगची नाव घ्यावी आणि तिच्या मागच्या कोपऱ्यांची परीक्षा भिंगातून करावी. इतर सर्वांनी १२ फुटी, सपाट तळाची, रिव्हेटची नाव पसंत करावी, जरी तिच्या दोन-चार खिळ्या गळत असल्या तरी; आणि किमतीत जो फरक वाचेल त्यातून प्रत्येक आसनामागे एक याप्रमाणे जीवरक्षक जाकिटे विकत घ्यावीत. पाण्याने भरून दाखवण्यास विक्रेता तयार नसेल अशी नाव मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.